सात नंबरच्या चिंध्या

१

सात नंबरची चिलखती गाडी धुलाईघराच्या भिंतीतून मागे ओढायला दोन ट्रक लागले, आणि तिच्यातून ड्रायव्हरला बाहेर काढायला चार माणसं. भिंत आडवी झाली होती. गाडीला मात्र नाकावर खरचटल्यापलीकडे काही नाही. चाळीस वर्षांची थेरडी, अंगावर बोटभर जाड पोलाद. आतल्या माणसाच्या छातीचं काय झालं याचं तिला काय सोयरसुतक!

मंगळवारी सकाळी अकराला, तपासणीला आलेल्या पाहुण्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, गाडी चाचणीच्या उतारावरून सुटली. ब्रेक नव्हताच. साडेबाराला ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढून टेबलावर उघडला, तर आतलं रबर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं बोटाला लागून आलं. पंधरा वर्षांपूर्वीचं तरी असेल. आणि कागद काय सांगत होता? सोमवारी सकाळी नवीन रबर किट बसवलं. खाली फिटरची सही.

सही आत्याबाईंच्या जावयाची होती.

एक वाजता जावई पहाऱ्याच्या खोलीत. नवीन किट लांबवलं, जुनंच रबर आत ढकलून सही ठोकली आणि माणूस मारला, यावर सैन्याच्या त्या दुरुस्ती-शेडमधल्या सगळ्यांचं एकमत झालं. ते इतक्या झटपट झालं, की आत्याबाईंना त्या एकमताचीच शिसारी आली. काल जावयाच्या डब्यातलं खाणारी माणसं आज त्याचं नाव घेताना तोंड वाकडं करत होती.

बुधवारी सकाळी वरून चौकशीला एक कॅप्टन मॅडम आल्या. संध्याकाळी पाचला पोलिसांची गाडी येणार आणि जावयाला घेऊन जाणार, असं ठरलं. म्हणजे आत्याबाईंच्या लेकीच्या संसाराला उरला एक दिवस.

आत्याबाई म्हणजे शेडमधली चिंध्यांची खिडकी. इंजिनात विसरलेली एक चिंधी अख्खी गाडी जाळू शकते, म्हणून चिंध्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. सकाळी प्रत्येकाला दहा, संध्याकाळी त्याच्या पितळी बिल्ल्यासकट गाठोड्यात दहा परत. धुणं आठवड्यातून एकदा, बुधवारी दुपारी. एकोणीस वर्षं हाच धंदा. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं, पण चिंधी घडाघडा वाचायच्या. इंजिनचं तेल काळंकुट्ट. गिअरच्या तेलाला नासक्या लसणाचा वास. ब्रेक ऑइल गोडसर, मळमळायला लावणारं. त्याची चिंधी चार-चार दिवस वाळत नाही. आणि खोड तरी किती वाईट! खिडकीच्या फळीला दरवर्षी रंग लावावा, नि ब्रेकवाल्या फिटरांचे हात टेकून महिन्याभरात तो फुगून सुटावा.

जावयाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. एक वाक्य बोलायचं तर तीनदा घसा खाकरणारा माणूस. लेकीने याच्यात काय पाहिलं, हे कोडं त्यांना सात वर्षं सुटलं नव्हतं. पण भित्रा वेगळा आणि चोर वेगळा, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांनी सोमवारची गाठोडी पुढ्यात ओढली आणि जावयाच्या बिल्ल्याचं सोडलं. पहिल्या चार चिंध्या अजून ओल्या. तोच गोडसर वास. पाचवी उलगडली आणि त्यांचा हात थांबला. मधोमध लालभडक, मऊ ग्रीसचा पट्टा होता.

हे लाल ग्रीस शेडमध्ये एकाच कामाला लागतं. नवीन रबर सिलिंडरमध्ये सरकवताना.

२

"तू नवीनच रबर बसवलंस," आत्याबाई म्हणाल्या.

"तेच तर मी सांगतोय, आई." जावई पहाऱ्याच्या खोलीतल्या बाकावर बसला होता. डोळे सुजलेले. "कोण ऐकतंय?"

"मग जुनं कसं निघालं आतून?"

जावयाने घसा खाकरला. "मी बसवलं, शिक्केवाल्यांनी पाहिलं आणि लगेच वर शिशाचं सील मारलं. सील तोडल्याशिवाय सिलिंडर निघत नाही. आणि मंगळवारी सील जसंच्या तसं होतं."

शिक्केवाले म्हणजे शेडचे तपासनीस. फिटरने काम करायचं, यांनी बघायचं, सीलची पक्कड दाबायची, कागदावर शिक्का मारायचा.

"त्यांची पक्कड कुठे असते?"

"टेबलावर. दिवसभर तिथेच पडलेली. कोणीही उचलावी."

"म्हणजे कोणीतरी सील तोडलं, तुझा सिलिंडर काढून जुना लावला आणि पुन्हा सील मारलं. हे बोललास का मॅडमना?"

"बोललो. शेडचे मोठे साहेब शेजारीच बसले होते. हसले. म्हणाले, चांगला सिलिंडर काढून वाईट कोण कशाला लावेल?"

आत्याबाईंनी दाराबाहेरच्या शिपायाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि पट्टीचं?"

जावई पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

कोण कशाला लावेल, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वीस गाड्या आणि चांगले सुटे भाग पाच-सहा गाड्यांपुरते. तपासणीवाले येणार तीन दिवस, रोज सहा-सात गाड्या बघणार. मग आज बघून झालेल्या गाडीचा चांगला भाग काढायचा, उद्याच्या गाडीला चढवायचा. याला शेडमध्ये म्हणायचे उसनवारी. फक्त एक नेम कडक. जिचा भाग काढला तिच्या स्टेअरिंगला लाल कापडाची पट्टी बांधायची. पट्टी दिसली की गाडी रिकामी. कोणी चालवायची नाही. आणि ती लाल पट्टी कापून मिळायची आत्याबाईंच्या खिडकीत.

"सात नंबरला पट्टी होती?"

"नव्हती. असती तर दादा चढलाच नसता." ड्रायव्हरला सगळे दादाच म्हणत. "आणि आई, पट्टीचं मी कसं बोलू? मीही वीस वेळा बांधलीये. सगळी शेड आत जाईल."

"म्हणजे सगळी शेड बाहेर राहावी म्हणून तू एकटा आत जाणार. आणि माझी मुलगी?"

जावयाने पुन्हा घसा खाकरला.

"राहू दे," आत्याबाई उठल्या. "सोमवारी तू किती वाजता गेलास?"

"बाराला. तिला ताप होता ना."

"आणि साडेतीनला मोठ्या साहेबांनी सगळ्यांना सुट्टी दिली. पाहुणे खूश झाले म्हणून."

"साहेबांनी? सुट्टी?" जावयाने पहिल्यांदा मान वर केली. एकोणीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

३

फाटकावरचा पहारेकरी बाहेर पडणाऱ्यांची नोंद ठेवतो. सोमवारी साडेतीननंतर आत राहिले चौघे. मोठे साहेब, शिक्केवाले, गोदामवाला आणि पैलवान नावाचा फिटर. पाचव्या आत्याबाई स्वतः. पण त्या पाचपर्यंत मागच्या अंगाला गाठोडी मोजत होत्या. तिथून शेड दिसत नाही.

चौघांतले दोघे हवे होते. सिलिंडर बदलला की ब्रेकची हवा काढावी लागते, आणि ते एका माणसाचं काम नव्हे. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली हवा सुटायचं निपल उघडून धरायचं.

गोदामवाला पहिला. दाराशी उभा राहून तो कमरेचा किल्ल्यांचा जुडगा उगाच खुळखुळवत होता.

"चिंध्या मोजायला आलात, आत्याबाई?"

"तुझं सोमवारचं गाठोडं बघितलं. तेलाचा डाग नाही. दहाच्या दहा पांढऱ्या पावडरने माखलेल्या. कोणाच्या गालाला लावत होतास?"

गोदामवाल्याचं हसू विरलं. आत्याबाई त्याला कोपराने बाजूला सारून आत शिरल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर रबर किटच्या डब्यांची चळत होती. वरचा डबा त्यांनी उघडला. काळंभोर, पावडर लावलेलं, बाळासारखं गुबगुबीत रबर. दोन बोटांत दाबलं तर आतून चिकट डांबर बाहेर आलं. बोटांना वास लागला, मेलेल्या उंदरासारखा.

"शी!" त्यांनी बोटं त्याच्याच सदऱ्याला पुसली. "हे गाड्यांत घालणार?"

"गाड्यांत नाही हो! मांडणीवर. पाहुणे गोदाम बघणार होते, मांडणी भरलेली दिसायला पाहिजे. दोन वर्षं झाली, नवीन किट येतच नाहीत. मागणी पाठवतो, उत्तर येतं की ही गाडी आता कोणी बनवतच नाही."

"चांगली किट किती आहेत?"

"एकही नाही. सहा आधीच गाड्यांत गेली." तो खाली बघत म्हणाला. "सातवं तुमच्या जावयाने नेलं, ते शेवटचं."

"फळ्यावर तर सज्ज गाड्या अठरा लिहिल्यात."

"फळा माझ्याकडे नसतो, आत्याबाई. फळा साहेबांकडे असतो."

"सोमवारी साडेतीन ते पाच कुठे होतास?"

"इथेच. हेच करत." त्याने पावडरच्या डब्याकडे हात केला. लाज वाटायची तर राहिलीच, त्याच्या आवाजात थोडा कंटाळा होता. "ऐंशी डबे होते."

आत्याबाईंनी मोजले. ऐंशी डब्यांना पावडर लावायला दीड तास जेमतेम पुरला असता. हा माणूस जागचा हलला नव्हता. एक संशयित कमी झाला.

राहिले तिघे. आणि पैलवानाच्या गाठोड्यात दहाऐवजी नऊच चिंध्या होत्या.

४

पैलवानाकडे जाताना वाटेत रंगारी आडवा आला. दुःखाचं राहू दे, याला आपल्या रंगाचंच पडलेलं.

"आत्याबाई, दोन चिंध्या जास्तीच्या द्या. बारा नंबर पुन्हा खरवडायचीये. सोमवारी बाराच्या ठोक्याला हात मारून संपवली होती, काय चकाकत होती! मंगळवारी सकाळी बघतो तर पुढच्या झाकणापाशी सगळा रंग फुगलेला. माझ्या सासूच्या गळ्यासारख्या सुरकुत्या!"

"सासवांवर घसरू नकोस. पुढच्या झाकणाखाली काय असतं?"

"मला काय विचारता? मी वरून रंगवतो. आत काय सडलंय ते बघायची माझी नोकरी नाही."

या शेडच्या दारावर हेच वाक्य कोरून ठेवायला हवं, असं आत्याबाईंच्या मनात आलं. त्या बारा नंबरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. झाकणाखाली ब्रेक ऑइलची बाटली बसवलेली होती. कडेने रंग फोडासारखा वर आलेला. त्यांनी नखाने टोकरलं. पापुद्रा निघून आला. नाकाशी नेला. गोडसर.

पैलवान बॅटरीच्या खोलीत होता. आत्याबाईंना बघताच त्याने उजवा हात पाठीमागे घेतला.

"काढ."

"काय?"

"दहावी चिंधी. आणि हात."

हात पुढे आला. तळव्यावर आडवी खोल जखम, वर चिंधी करकचून बांधलेली. रक्त वाळून तपकिरी झालेलं. तेलाचा मागमूस नाही.

"सोमवारी सकाळीच पत्र्याने कापला," पैलवान म्हणाला. "म्हणून तर मला बॅटऱ्यांवर बसवलं. पाना धरता येईना."

"कोणी बसवलं?"

"साहेबांनीच. तीन वाजता बोलावलं होतं. हात बघितला, तोंड वाईट केलं आणि म्हणाले, जा, बॅटऱ्या बघ." मग तो जवळ आला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज पाण्यात बुडाल्यासारखा. "आत्याबाई, एक विनवणी आहे. जावयाला सोडवा, काय वाटेल ते करा. पण मॅडमसमोर पट्ट्यांचं काढू नका. माझी दोन लेकरं आहेत. आणि पट्ट्या देणाऱ्या तुम्ही. तुमची खिडकी पहिली बंद होईल."

"दादालाही दोन होती," आत्याबाई म्हणाल्या.

पैलवानाने हात पुन्हा पाठीमागे घेतला. मग हलक्याने म्हणाला, "मी असतो ना, तर पट्टी बांधली असती. आईशप्पथ. आपल्यातला कोणीही असता तर बांधली असती. दादाबरोबर रोज जेवायला बसणारा माणूस ती बांधायला विसरूच शकत नाही."

बोलता बोलता तो किती मोठी गोष्ट बोलून गेला, हे त्याला कळलं नाही. आत्याबाईंना कळलं. त्या तशाच वळल्या आणि थेट तपासनिसाच्या खोलीकडे चालू लागल्या.

५

शिक्केवाले कागदांवर शिक्के मारत होते. वाचणं वगैरे काही नाही. उलटायचं, मारायचं, उलटायचं, मारायचं. कधीकाळी ते शेडमधले पहिल्या नंबरचे फिटर होते. आता इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन आणि हाताला साबणाचा वास.

"या, आत्याबाई. वाईट झालं हो. पोरगा हुशार होता तुमचा जावई."

"होता? अजून आहे तो. मेला तो दादा."

"तेच म्हणतो मी." शिक्का आपटला. "पण सांगा, माझा काय दोष? बाहेरून सिलिंडर सारखाच दिसतो. आत रबर नवीन की जुनं, मला काय क्ष-किरणांचे डोळे आहेत?"

"पक्कड हीच?"

"हीच. टेबलावरच असते. कोणी उचलली असेल तर मला काय माहीत?"

"सोमवारी साडेतीननंतर तुम्ही कुठे होतात?"

"इथेच, कागदांत." त्यांनी शाईच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं आणि तळहात त्यावरच ठेवून दिला. गोल पत्र्याचा हिरवा डबा. वर्षानुवर्षं याच टेबलावर असलेला.

"शिक्केवाले, हात काढा बघू. झाकणाला काय झालंय?"

"काही नाही. जुना झालाय. माझ्यासारखा." हसून त्यांनी डबा खणात सरकवला. पण सरकवता सरकवता आत्याबाईंना दिसायचं ते दिसलं. हिरवा रंग तीन जागी फुगून सुटला होता. तीन बोटांची टोकं, शेजारी शेजारी.

बाहेर घड्याळात पावणेचार झाले होते. फाटकापाशी पोलिसांची गाडी वेळेआधीच येऊन उभी राहिली होती, आणि आत्याबाईंची लेक अंगात ताप घेऊन तिच्या शेजारी.

६

चौकशीच्या खोलीत कॅप्टन मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. तरुण, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. शेजारी मोठे साहेब, पलीकडे शिक्केवाले. दोन शिपायांच्या मध्ये जावई.

आत्याबाईंनी गाठोडी टेबलावर ओतली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हा काय घाणेरडेपणा?"

"तुमच्याच शेडची घाण आहे, साहेब. मी फक्त धुते." त्या मॅडमकडे वळल्या. "बाई, ही माझ्या जावयाची सोमवारची चिंधी. हे लाल ग्रीस नवीन रबर बसवतानाच लागतं. जुनं रबर तसंच ठेवणारा माणूस ते कशाला उघडेल?"

"नाटक करायलाही उघडेल," साहेब म्हणाले.

"असेल. मग बारा नंबर घ्या. सोमवारी बारा वाजता रंगवून झाली. मंगळवारी सकाळी ब्रेकच्या बाटलीभोवतीचा रंग फुगलेला. रंगाला असं करणारी चीज या शेडमध्ये एकच, ब्रेक ऑइल. म्हणजे सोमवारी दुपारनंतर बारा नंबरचे ब्रेक कोणीतरी उघडले. बारा नंबरच्या कागदावर तसं काही काम लिहिलंय?"

मॅडमनी कागद चाळले. "नाही."

"मग का उघडले? सात नंबरचा चांगला सिलिंडर काढून बाराला चढवायला. मंगळवारी बाराची पाळी होती."

साहेबांनी खुर्ची मागे सारली. "मॅडम, हे हास्यास्पद आहे. या शेडमध्ये एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला कधीही लावला जात नाही. अठरा गाड्या सज्ज आहेत, कागदोपत्री. असं इथे होतं याचा एक पुरावा दाखवा. एक! जावयासाठी रडणाऱ्या सासूच्या चिंध्या सोडून."

मॅडम आत्याबाईंकडे बघत राहिल्या. दाराच्या फटीत पैलवानाचा चेहरा दिसत होता, त्यामागे अजून दहा-बारा चेहरे. सगळ्यांनी श्वास धरलेला. जावयाने हळूच मान हलवली. नको.

आत्याबाईंनी एकदा त्या फटीकडे पाहिलं. एवढी धडधाकट माणसं, आणि सगळ्यांची नजर एका म्हातारीच्या तोंडावर, ते बंद राहावं म्हणून.

"पुरावा मी आहे," त्या म्हणाल्या. "उसनवारीची लाल पट्टी मी कापून देते. जिचा भाग काढला तिच्या स्टेअरिंगला बांधायला, म्हणजे कोणी चालवू नये. प्रत्येक तपासणीला पंधरा-वीस जातात. माझ्या खणात आत्ताही कापून ठेवल्यात. पाठवा कोणाला तरी."

साहेबांचा रुमाल नाकावरून खाली आला.

"सोमवारी साडेतीननंतर आत चौघे होते," आत्याबाई पुढे म्हणाल्या. "गोदामवाला आणि पैलवान माझ्या खिडकीवर रोज येतात. त्यांची गाठोडी ही बघा, ब्रेक ऑइलचा थेंब नाही. पैलवानाला तर पाना धरता येत नव्हता. आणि या दोघांपैकी कोणी हे केलं असतं, तर माझ्याकडून पट्टी नेली असती. खोटेपणात सगळेच बरबटलेत, पण दादाला मारायचं नव्हतं कोणाला. पट्टी बांधली नाही ती त्याने, जो माझ्या खिडकीवर येऊच शकत नाही. ज्याने चिंधी मागितली, पट्टी मागितली, तर सगळी शेड विचारेल, की तुम्हाला कशाला हवी? अशी माणसं चौघांत दोनच. एक पेडल दाबायला, एक निपल धरायला."

"कॅप्टन," शिक्केवाले घाईघाईने म्हणाले, "मी तपासनीस आहे. हत्याराला हात लावत नाही."

"मग तुमच्या शाईच्या डब्याला ब्रेक ऑइलची तीन बोटं कोणाची? पक्कड घ्यायला टेबलापाशी आलात, चिंधी नव्हती, हात ओलाच होता. डबा उचललात, रंग सुटला."

"कोणीही... कोणीही धरला असेल."

"बरं. मग बारा नंबर उघडा. आत लाल ग्रीसचं नवीन रबर निघालं, तर ते सात नंबरचं. शेवटचं किट होतं ते. दुसरं कुठून येणार?"

मॅडम उठल्या. "पैलवान कोण? आत या. माझ्यासमोर बारा नंबरचा सिलिंडर उघडायचा. तपासनीस, तुम्हीही चला."

शिक्केवाले उठले, आणि पुन्हा खाली बसले.

"उघडू नका," ते म्हणाले. "निघेल. लाल निघेल. पेडल साहेबांनी दाबलं."

"तोंड सांभाळ!" साहेब ओरडले.

"आता कशाला सांभाळू? तुम्ही म्हणालात, मंगळवार एकदाचा जाऊ दे, मग परत बदलू. पण मंगळवारी पाहुणे म्हणाले, कालची सात नंबर छान होती, तिलाच पुन्हा उतारावर आणा. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हळूच म्हणालात, एकदा उतरेल, काही होत नाही."

"आणि तुम्ही काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

शिक्केवाल्यांनी आपल्या स्वच्छ हातांकडे पाहिलं. "मी चाचणीच्या कागदावर शिक्का मारला."

साहेब आता ओरडत नव्हते. फळ्यावरचा आकडा, वरून येणारा दबाव, बंद पडलेले कारखाने, असं काहीतरी ते मॅडमना समजावून सांगू लागले. त्यात काही खरंही होतं. पण त्या सगळ्या बोलण्यात दादाचा उल्लेख एकदाही आला नाही.

७

पोलिसांची गाडी दोन माणसं घेऊन गेली. जावई त्यांत नव्हता.

मॅडमनी जबाब लिहून पुढे सरकवला. "पट्ट्यांचं यात आहे, आत्याबाई. तुम्ही सोडूनही देऊ शकला असतात. तुमची खिडकी जाईल. कदाचित खटल्यातही नाव येईल. किती वर्षं देत होतात?"

"एकोणीस. पूर्ण लिहा. आकडे फुगवायची नि झाकायची हौस या शेडला पुष्कळ आहे, मला नाही."

त्यांनी अक्षर अक्षर जोडत सही केली. एकोणीस वर्षं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या, की मी फक्त कापड कापते. रंगाऱ्याला नावं ठेवायला त्यांना तोंड तरी कुठे होतं?

बाहेर आल्या तेव्हा शेडमधली माणसं भिंतीला टेकून उभी होती. उद्यापासून वीसच्या वीस गाड्या उघडणार, प्रत्येकाचा जबाब होणार, हे सगळ्यांना कळलं होतं. रंगाऱ्याने तोंड फिरवलं. गोदामवाला पायाशी थुंकला. पैलवान एकटा समोर आला, मग कापलेला हात छातीशी धरून आत निघून गेला.

फाटकापाशी लेक जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. जावई तिच्या केसांवरून हात फिरवत होता. आत्याबाई जवळ जाताच त्याने घसा खाकरला.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही पट्ट्यांचं काढायला नको होतं. आता मला या शेडमध्ये कोण उभं करणार?"

लेकीने मान वर केली. आत्याबाई जावयाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आधी त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, मग त्या खाकरणाऱ्या घशाकडे. सकाळपासून काय काय घाण पाहिली, हुंगली, बोटांना लावून घेतली. त्यात ही घरची.

"कोणी नको करू," त्या म्हणाल्या. "तू सुटलास, तेवढं पुरे. लेक माझी आहे म्हणून सोडवलं तुला, तू मला आवडतोस अशा भ्रमात राहू नकोस."

आणि लेकीच्या कपाळाला हात लावून ताप बघत बघत त्यांनी तिला घराच्या रस्त्याला वळवलं. जावई चार पावलं मागे उभा राहिला. मग निमूटपणे त्या दोघींच्या मागून चालू लागला.